पगार घटला तेव्हा : साताऱ्यातल्या एका स्वयंपाकघराचा हिशेब

दिवाळीच्या तोंडावर ह्यांच्या कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला आणि पाठोपाठ आठवड्याला चारच दिवस काम राहिलं. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि वर्षातले सहा महिने आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या. माहेर खटाव तालुक्यात, सासर पाटणच्या खोऱ्यात. एक मुलूख पावसाची वाट बघणारा, दुसरा पाऊस कधी उघडतोय याची. हे आधी सांगायचं कारण, पुढे ज्या खाण्याबद्दल लिहिलंय ते निम्मं या मुलखाचं आहे, निम्मं त्या.

पहिले दोन महिने मी जी काटकसर केली ती साफ चुकली. डाळ पातळ केली, दूध निम्म्यावर आणलं, अंडी बंद केली. चहा, बिस्किटं, फरसाण, मुलांची चिप्सची पाकिटं मात्र तशीच चालू. डाळ आणायची म्हणजे एकदम मोठी नोट मोडावी लागते, ती डोळ्यावर येते. बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचा, तो कुणाच्या लक्षात येतो? शाळेतल्या तपासणीत थोरलीचं हिमोग्लोबिन कमी निघालं तेव्हा मला कळलं की कात्री उलट्या बाजूने चालवली होती. मग सगळा हिशेब नव्याने मांडला. तोच इथे देते. आकडे चौघांचे आहेत, तुमच्या घराप्रमाणे कमीजास्त करून घ्या. भाव मुद्दाम दिलेले नाहीत, ते आज लिहावेत तर उद्या बदलतात.

आधी आठ दिवस वही

काहीही कमी करण्याआधी आठ दिवस फक्त लिहा. पोटात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचा खर्च, टपरीवरच्या चहासकट. ह्यांना हे फार जड गेलं. पण आठ दिवसांनी वहीत दिसलं की रोज पाच रुपयांचे दोन पुडे म्हणजे महिन्याला ३०० रुपये नुसत्या बिस्किटांचे. तेवढ्यात आमच्याकडे महिन्याची मटकी येते आणि वर काही उरतं.

वहीत तीन खुणा करा. ज्याने पोट भरतं आणि अंगाला लागतं त्याला एक, नुसतं पोट भरतं त्याला दुसरी, नुसती जीभ सुखावते त्याला तिसरी. कात्री तिसऱ्यापासून लावायची. पहिल्याला हात लावायची वेळ बहुतेक घरांत येतच नाही.

चहा मी बंद केला नाही. आमच्याकडे चहा बंद केला तर माणसं घर सोडतील. चारचे दोन केले, साखर निम्मी केली आणि जेवणानंतर लगेच घ्यायचा नाही एवढा नेम धरला, कारण जेवणाला लागून चहा घेतला तर भाजी-धान्यातलं लोह नीट अंगी लागत नाही. चहाबरोबर मुलांना आता मूठभर फुटाणे नाहीतर भाजलेले शेंगदाणे मिळतात. पहिला आठवडा रडारड झाली. नंतर नाही.

रेशनची लाज धरू नका

ही गोष्ट शहरात राहायला आलेल्यांसाठी. कार्ड गावाकडे आहे, कोण जाणार, रांगेत उभं राहायला कसंसंच वाटतं, अशा कारणांनी किती घरं हक्काचं धान्य सोडतात! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे चौघांच्या घरात २० किलो गहू-तांदूळ. कार्ड गावचं असलं तरी आधारच्या आधारे दुसऱ्या दुकानातून धान्य घेता येतं. नुसतं केशरी कार्ड असून चालत नाही, प्राधान्य यादीत नाव हवं. ते नसेल तर तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा लागतो. घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालंय का तेही दुकानदाराकडून बघून घ्या.

रेशनच्या तांदळात मधूनच काही दाणे निराळे, पिवळसर दिसतात. आमच्या शेजारणीने ते प्लास्टिक म्हणून निवडून टाकले होते. ते प्लास्टिक नाही. लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घालून बनवलेले ते दाणे असतात, मुद्दाम मिसळलेले. टाकू नका, आणि तांदूळ सतरा वेळा धुऊ नका.

मुलं सरकारी किंवा अनुदानित शाळेत असतील तर आठवीपर्यंत दुपारचं जेवण तिथे असतं. अंगणवाडीच्या वयाचं मूल असेल तर तिथे नाव घाला. डबा दिला नाही म्हणून कुणी तुम्हाला नावं ठेवत नाही.

वर्षाची ज्वारी

रेशनचे २० किलो चौघांना महिनाभर पुरत नाहीत. वरचे आठ-दहा किलो आम्ही ज्वारीचे धरतो, म्हणजे वर्षाला साधारण एक क्विंटल. ती एकदम घ्यायची आणि वेळ साधून घ्यायची. रब्बीची शाळू फाल्गुन-चैत्रात खळ्यावर येते. माण-खटावात कुणी ओळखीचं असेल तर तिथूनच घ्या, दुकानापेक्षा स्वस्त पडते आणि माल डोळ्यांसमोर असतो. दाणा मोत्यासारखा पांढरा आणि टपोरा हवा. दाताखाली कट्कन फुटला तर वाळलेला आहे, दबला तर ओल आहे.

ही ओल मला एकदा भोवली. भाव उतरला म्हणून दोन क्विंटल घेतली आणि दुसऱ्याच दिवशी कोठीत भरली. श्रावणात झाकण उघडलं तर वरचा थर सोंड्यांनी हलत होता. तेव्हापासून नेम असा: दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं, रात्री सावलीत गार होऊ द्यायची, गरम असताना कधीही भरायची नाही. पत्र्याच्या कोठीत तळाला आणि मध्ये मध्ये वाळलेला कडूलिंबाचा पाला. झाकण घट्ट. किडीसाठी बाजारात मिळणाऱ्या विषारी गोळ्या राहत्या घरात ठेवू नका. त्यांच्या वायूने माणसं दगावलेली आहेत.

दळण मात्र आठ-दहा दिवसांपुरतंच. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते, मग त्यात गव्हाचं पीठ मिसळा, उकळतं पाणी ओता अशा कसरती कराव्या लागतात. महिन्याचं दळण एकदम केल्याने गिरणीचा फेरा वाचतो, पण निम्म्या भाकऱ्या मोडतात. थंडीत दोन महिने बाजरी घेते. पाटणकडून नाचणी येते, तिची आंबील मुलांना आणि आत्यांना. नाचणीत चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं, प्रमाण मोठं असतं आणि दूध कमी केलेल्या घरात त्याची गरज असते.

आत्या ७२ च्या दुष्काळाचं सांगतात, अमेरिकेहून आलेल्या मिलोची, म्हणजे तिकडच्या लाल ज्वारीची, भाकरी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. "तवा सोडायची न्हाई ती भाकरी," म्हणतात. ज्वारीचा भाव चढला म्हणून मी कुरकुरले की हे मिलोपुराण हटकून निघतं.

डाळ-कडधान्य : इथे हात आखडायचा नाही

सगळ्या हिशेबाचं मूळ हे आहे. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. ३०० ग्रॅम ज्वारी-गव्हाच्या पिठातून ३० मिळतात, ७५ ग्रॅम डाळ-कडधान्यातून १५-१६, मूठभर म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांतून ६. झाले पन्नास. मांस-मटण न आणता झाले. मुलांना थोडं कमी लागतं, म्हणून चौघांत रोज पाव किलोच्या आसपास, महिन्याला सात किलो डाळ-कडधान्य आणि तीन किलो शेंगदाणे. सात किलो ऐकून दचकायला होतं. मीही दचकले होते. पण सातही किलो तूरडाळ आणायची कुठे आहे?

तूरडाळ महाग असते तेव्हा ती दोन किलोवर थांबवायची. बाकी पाच किलो मटकी, हुलगा (कुळीथ), मसूर, हरभरा, उडीद, घेवडा यांत वाटायचे. प्रथिनं सगळ्यांत जवळपास सारखीच, शंभर ग्रॅमला वीस ते पंचवीस. मग ज्या महिन्यात ज्याचा भाव खाली, ते जास्त. तूरडाळीच्या वरणाशिवाय जेवण नाही ही सवय शहरात लागते. माझ्या माहेरी वरण सणालाच व्हायचं.

हुलगा सगळ्यांत आधी. माणदेशात बैलांना घालायचं म्हणून शहरी लोक नाक मुरडतात. शेंगोळे करून बघा. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं, मूठभर गव्हाचं. लसूण-जिरं वाटून, तिखट, हळद, मीठ, ओवा. घट्ट मळायचं, हातावर बोटाएवढं वळून कडं करायचं. पातेल्यात लसणाची फोडणी, सहा-सात वाट्या पाणी, त्यात चमचाभर हुलग्याचं पीठ कालवून सोडायचं म्हणजे रस्सा धरतो. पाणी खळाखळा उकळलं की शेंगोळे टाकायचे आणि वीस मिनिटं मध्यम आचेवर. चौघांचं रात्रीचं जेवण एका पातेल्यात, वेगळी भाकरी लागत नाही. हुलगे दळायच्या आधी चाळून घ्या, खडे फार असतात. त्याच पिठाचं माडगं: हुलगे भाजून दळलेले असतील तर अर्धी वाटी पीठ चार वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, गूळ, सुंठ, चिमूटभर मीठ घालून ढवळत शिजवायचं. सर्दीत यासारखं दुसरं काही नाही.

उडदाचं घुटं हे सासरचं. कराड-पाटणकडे पावसाळ्यात ते भाकरीबरोबर असतंच. वाटीभर उडीदडाळ जराशी भाजून शिजवायची, रवीने घोटायची, हिरवी मिरची, लसूण, आलं, जिरं आणि कोथिंबीर यांचं वाटण लावून पातळ करायची. वरून जिऱ्या-लसणाची फोडणी. हळद नाही. वाटीभर डाळीत चार-पाच माणसं जेवतात, कारण उडीद घोटला की दाटपणा येतो, पाणी भरपूर मावतं.

मटकी आठ तास भिजवून फडक्यात बांधायची, उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत रात्र अजून एक. अख्खा मसूर इस्लामपूरकडच्या ढाब्यांमुळे हॉटेलातला पदार्थ झाला, पण घरी तो मटकीपेक्षा लवकर शिजतो, भिजवायची आठवण राहिली नाही की तोच उपयोगी. कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, चवीला राजम्याच्या वर. घेवड्याला एक पथ्य: रात्रभर भिजवा, ते पाणी टाका आणि कुकरमध्ये किंवा खळाखळा उकळत्या पाण्यात नीट शिजवा. मंद आचेवर अर्धवट शिजलेला घेवडा खाल्ला तर उलट्या होतात.

सोयाबीन आपल्याकडे शेताशेतात असतं, घरात मात्र नसतं. दहा किलो गव्हाला एक किलो सोयाबीन. उकळत्या पाण्यात वीस मिनिटं शिजवून, कडक उन्हात वाळवून मगच दळणात मिसळायचं. कच्चं दळू नका, पचत नाही. पोळीची चव बदललेली कुणाला कळली नाही. मी सांगितल्यावर मात्र लगेच सगळ्यांना कळली.

भाजी

पाच जणी मिळून आठवडी बाजाराला जातो, बाजार उठायच्या तासभर आधी. तेव्हा भाव पडतो. पण एक सांभाळायचं: ज्या बाईचा माल खरंच थोडा आणि तिचा स्वतःचा आहे तिच्याशी घासाघीस करू नये. व्यापाऱ्याशी करा.

मंडईत फ्लॉवर-ढोबळीकडे बघायच्या आधी पालेभाज्या बघा. मार्गशीर्ष-पौषात मेथी, चाकवत, शेपू, कांद्याची पात, करडई यांच्या जुड्या मातीमोल होतात. चाकवत-चुका डाळ आणि शेंगदाणे घालून गरगटं केलं तर दोन जुड्या चौघांना पुरतात. अंबाडी तांदळाच्या कण्या घालून. पावसाच्या सुरुवातीला पाटणकडे टाकळा, रानात तांदुळजा, पाथरी, चिघळ. ही फुकटची भाजी, पण ओळखणाऱ्या म्हातारीबरोबर जाऊनच खुडा, आणि गटाराकडेची, फवारलेल्या बांधाची नको. पालेभाजीवर लिंबू पिळलं की लोह अंगाला लागतं. थोरलीला आम्ही गोळ्यांबरोबर हेच केलं, शिवाय भाजीला लोखंडी कढई.

कृष्णाकाठची वांगी स्वस्त झाली की भरलं वांगं करावं, पण त्याला तेल आणि कूट सढळ लागतं. वांगी स्वस्त आणि भाजी महाग! आठवड्यातून एकदा बास. इतर वेळी भाजून भरीत.

तेल आणि गॅस

चौघांना महिन्याला तीन किलो तेल म्हणजे माणशी रोज २५ ग्रॅम. एवढं पुरतं आणि तब्येतीलाही तेवढंच बरं. एकदम मोठ्या डब्यातून ओतू नका. दर सोमवारी पाऊण किलोची बाटली भरायची, ती संपली की पुढच्या सोमवारपर्यंत भाजणं-उकडणं. पहिल्या महिन्यात माझी बाटली शुक्रवारी संपायची. आता रविवारी भजी करण्याइतकं उरतं.

गॅसचं सिलिंडर लावलं की कॅलेंडरवर तारीख लिहा. आमचं पूर्वी एक महिना जायचं, आता सात-आठ दिवस जास्त जातं. मसूर सोडला तर कडधान्य भिजवल्याशिवाय कुकर लावायचा नाही. कुकरमध्ये एकटी डाळ कधीच नाही. खाली डाळ, वर भात, त्यावर बटाटे किंवा भोपळा. आणि शेवटची युक्ती माझ्या आजीची: तांदूळ किंवा मुगाची डाळ पातेल्यात दहा मिनिटं उकळली की झाकण घट्ट लावून पातेलं जुन्या घोंगडीत गुंडाळून ठेवायचं. दीड-दोन तासांत आपोआप शिजतं. घेवड्याला ही युक्ती लावू नका, कारण वर सांगितलंय.

उन्हाळ्यात केलं तर पावसाळ्यात

आमच्या बाजूला 'चटणी' म्हणजे कांदा-लसणाची. ती वर्षाची घरची असली की अर्धे मसाले विकत आणावे लागत नाहीत. किलोभर मिरचीला, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी मिसळून, किलोभर कांदा उभा चिरून वाळवून तळलेला, पाव ते अर्धा किलो लसूण, पाव किलो धने, पाव किलो सुकं खोबरं, मीठ. डंकावर कुटून आणायची. चार घरांची एकत्र नेली तर चालवणारा दर कमी लावतो, आमचा तरी लावतो.

वाळवणात माझं मत जरा कडवट आहे. कुरडया-पापडांत आठवडा घालवावा, मग ते तळायला तेल जाळावं, हे टंचाईच्या वर्षी परवडत नाही. सांडगे घाला. मिश्र डाळी भिजवून भरड वाटायच्या, तिखट-मीठ-जिरं घालून पत्र्यावर छोटे छोटे तोडायचे. पावसात मंडईचा भाव भडकला की मूठभर सांडगे जराशा तेलावर परतून रस्स्यात टाकले की भाजी झाली. हरभऱ्याला फुलं यायच्या आधी कोवळा पाला खुडून सावलीत वाळवून ठेवा. थोडं बेसन आणि शेंगदाणे घालून ती आंबट भाजी करते तेव्हा मुलं भाकरी मागून घेतात.

उधारी

थोडक्यात. किराणा रोख आणि महिन्यातून एकदा. दुकानदाराची वही चालू असली की भाव विचारायचं तोंड राहत नाही. खाण्यासाठी आठवडी हप्त्याचं गटकर्ज उचलू नका. ते फेडायला पुन्हा डाळच कापली जाते. आमच्या बचत गटात आम्ही पाच जणींनी मिळून हुलगा आणि मटकीचं एकेक पोतं घेतलं, तेवढा गटाचा उपयोग पुरे आहे.

आमचा एक आठवडा

सकाळी भाकरी, एक कोरडी भाजी, खर्डा किंवा जवसाची चटणी, मुलांना एकेक अंडं आठवड्यातून चारदा. रात्री सोमवारी माडगं आणि भात, मंगळवारी घुटं-भाकरी, बुधवारी मोडाची मटकी, गुरुवारी शेंगोळे, शुक्रवारी पिठलं, शनिवारी राहिलेल्या सगळ्या भाज्यांची आमटी. रविवारी मटण पूर्वी दर आठवड्याला यायचं, आता महिन्यातून एकदा, अर्धा किलो, आणि रस्सा वाढवलेला. बाकीचे रविवार सुकट. बाजारातून पाव किलो आणली की दोनदा होते, निवडून, तव्यावर भाजून, कांद्यावर परतून भाकरीबरोबर.

वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण शाकाहारी आहेत, म्हणून सुकट भाजायचं काम आत्या मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर करतात. वास आला की वरची खिडकी धाडकन लागते. सोमवारी त्याच खिडकीतून हाक येते, "माडगं केलंय का गं? थोडं तांब्यात दे."